मागाखालून न गेलेलं सामान

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. दर वेळी कारण सापडायचं. आधी आई होती, मग ताई होती, मग भाचीचं लग्न जमायचं होतं. आता पुढे करायला कुणी उरलं नाही. त्यातच परवा एका बारशात नातवाच्या वयाचा एक नातलग माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, तुमचे ते टॉर्चवाले जवाई होते ना, पाण्यात अख्खं दुकान घेऊन उतरले म्हणे!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन चपला काढताना स्वतःचाच असा संताप आला की चप्पल भिंतीवर फेकली. आमच्या घराण्यात हा विनोद प्रत्येक पंगतीत वाढला जातो आणि मी प्रत्येक पंगतीत हसतो. दुकान पाण्यात उतरलं होतं, हे खरं आहे. पण ते उतरवलं मी.

टॉर्चवाले जवाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. ते मला साळेबुवा म्हणत, आणि त्या बुवात थोडी थट्टा असे. भाटवे पाणबुडे होते. मुंबईच्या गोदीत एका ठेकेदाराकडे ते काम करत. धक्क्याचे खांब तपासायचे, जहाजाच्या पंख्यात गुंतलेला दोर कापायचा, तळाशी पडलेली साखळी चाचपडून शोधायची. ताईला मुंबईची दमट हवा सोसेना. दम्यानं ती अर्धी झाली, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं नागपूरला आली आणि गांधीबागेच्या मागच्या आमच्या गल्लीत भाड्याची खोली घेऊन राहू लागली.

समुद्र नाही त्या गावात पाणबुड्या. गल्लीला दुसरा विषय राहिला नाही. "काहून गा जवाईबापू, आता काय नाग नदीत बुडी मारता? तिच्यात तं गुडघ्यालेई पाणी नाई." भाटवे शांतपणे सांगत, "पाणी कमी असलं तं मजुरीई कमी घेईन." हजरजबाबी माणूस. पण तेवढाच डोक्याला तापही. चहा असा नको, पान असं नको, मुंबईले असं नसते. दिवसातून इतक्या वेळा मुंबई ऐकली की मी मनात म्हणायचो, एवढी होती तर सोडली कशाला? ताईसाठी सोडली, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणायचोच.

त्या वेळी मी शहराबाहेरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये हंगामी कारकून होतो. कारखान्याला पाणी तलावातून यायचं. काठावर इंग्रजांच्या काळातला दगडी धक्का होता. त्याच्या पुढे लोखंडी खांबांचा सांगाडा पाण्यात उतरलेला, आणि त्या खांबांमधून खाली गेलेल्या पाइपाच्या तोंडाशी जाळी. या जाळीत शेवाळ, चिंध्या, हारांचे दोरे, काय वाटेल ते अडकायचं आणि पंप बंद पडायचा. मग श्वास रोखून बुडी मारणारे दोघं-तिघं गावातून बोलवायचे. ते मूठभर काढत, वर येत, बिडी ओढत, परत जात. साहेबांना याचा कंटाळा आला होता. कायमचा एक पाणबुड्या ठेवायचं घाटत होतं. मी भाटव्यांचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, "एकदा उतरून दाखवू दे, मग पाहू."

हे काम मिळालं असतं तर भाटव्यांना नागपुरात राहून आपला धंदा करता आला असता. नाही मिळालं तर दोनच वाटा होत्या. ताईला इथं टाकून एकट्यानं मुंबईला परत जायचं, नाहीतर पाणी कायमचं सोडायचं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

त्यांच्या मुंबईच्या एका सोबत्यानं कापडाच्या ट्रकवर सामानाची पेटी आणि भरलेले दोन सिलिंडर पाठवले. ट्रक ड्रायव्हर ते सिलिंडर बॉम्ब असल्यासारखे लांबूनच दाखवत होता. पेटीत बरंच काही होतं. मला वाटलं, आता हे सगळं चढवतील आणि निघतील. कसलं काय! पंधरवडा उलटून गेला तरी भाटव्यांची निवड चालूच.

आणि निवड कशी, तर आमच्या मागाखाली.

आमचं घर विणकराचं. वडिलांची नजर गेल्यापासून खड्ड्याचा माग बंद होता, पण वडिलांनी तो मोडू दिला नव्हता. चार खांब, वरून लोंबणाऱ्या दोऱ्या, खाली खड्ड्यात पायानं दाबायच्या पावड्या. सगळं जसंच्या तसं. भाटव्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हा तं धक्काच हाय." मग त्यांनी ताईच्या जुन्या पैंजणांचे घुंगरू सोडवले आणि मागाच्या दोऱ्यांना, खांबांना, पावड्यांना जागोजाग बांधले. डोळ्यांवर लुगड्याची पट्टी, पाठीवर सिलिंडर, आणि जमिनीवर पोट टेकून एका बाजूनं मागाखाली शिरायचं, दुसऱ्या बाजूनं निघायचं. घुंगरू वाजला की ज्या वस्तूनं वाजवला ती बाद.

"धक्क्याच्या खाली डोळ्याचा उपयोग नाई साळेबुवा," ते सांगायचे. "गाळ उठला का आपला हातई दिसत नाई. तिथं जे लोंबते ते अडकते. जे अडकते ते जीव घेते. म्हणून जेवढं कमी, तेवढं बरं."

पहिल्या दिवशी पायातले रबरी पंख गेले. त्यांनी पावड्या वाजवल्या. त्याऐवजी साधे कॅनव्हासचे बूट, नाड्या काढून. मग पाण्याच्या वर टोक ठेवून श्वास घ्यायची ती सुटी वाकडी नळी गेली. मग मनगटावरचं मोठं घड्याळ. मग जांघेवर बांधायचा सुरा. तो वाजला म्हणून त्यांनी लहानसा सुरा छातीच्या पट्ट्यावर उलटा शिवून घेतला, दोन्ही हातांना सापडेल असा. शिशाच्या वजनांचा पट्टा खाटेच्या निवारीचा होता. त्याचं बक्कल पाच वेळा बदललं. एका हाताच्या एका झटक्यानं सुटलंच पाहिजे, हा हट्ट. मोची मला रस्त्यात गाठून म्हणाला, "तुमच्या जवाईले सांगा, आता मीच पाण्यात उडी मारतो."

वडील बाजेवरून ओरडायचे, "मागाले पाय लावून राहिला तो! घुंगरू वाजवून राहिला! माग हाय का तमाशाचा फड?"

आई म्हणायची, "जवाई हाय, बोलू नका."

"जवाई हाय म्हणून तं खड्ड्यात उतरू देलं!"

शेजारचा कंपाउंडर रामदासपेठेच्या एका दवाखान्यात कामाला होता. तो रोज येऊन सांगायचा, की कशाला हे मुंबईचे सिलिंडर, मी शुद्ध ऑक्सिजनचा आणून देतो, हवेपेक्षा चांगला. भाटवे त्याला रोज समजावत, की खोल पाण्यात शुद्ध ऑक्सिजन विषासारखा चढतो. तो रोज मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. माझं डोकं उठलं होतं. ऑफिसात साहेब विचारत होते, कधी? घरी घुंगरू. शेवटी एका रविवारी भाटवे मागाच्या पलीकडे निघाले आणि घरात अगदी चिडीचूप. एकही घुंगरू वाजला नाही. अंगावर राहिलं होतं ते एवढंच: काचेचा मास्क, बिननाड्यांचे बूट, एक सिलिंडर आणि त्याची तोंडातली नळी, वजनाचा पट्टा, छातीवर सुरा, आणि कमरेला माझ्या हातात राहणारी दोरी. ताईनं टाळी वाजवली. भाटव्यांनी पट्टी काढली आणि घामानं निथळत म्हणाले, "झालं. सांग तुह्या साहेबाले."

मी सोमवारी सांगितलं. आणि तिथं माझ्या मूर्खपणाला सुरुवात झाली.

आमचे हेड स्टोअरकीपर जिभेचे तिखट होते. त्यांनी विचारलं, पाणबुड्याला लागतं तरी काय काय? मी सांगितलं. ते अख्ख्या स्टोअर्सला ऐकू जाईल असं म्हणाले, "बस्स? मंग आमचे बुडीवाले काय वाईट होते? ते लंगोटीवर उतरत, हे बुटावर उतरतीन. अबे, साहेब तिथं ऑफिसर घेऊन येणार, फोटोवाला येणार, आन् तुहा जवाई असा उघडाबंब?" सगळे खिदळले. मी हंगामी माणूस. माझ्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला. मला वाटलं, खरंच, काय दिसेल ते? माझ्या शब्दावर बोलावलेला माणूस, आणि अंगावर काहीच नाही.

मी संध्याकाळपर्यंत धुमसलो. मग हेडकडे गेलो आणि म्हणालो, भाटव्यांनी थोडं सामान मागितलंय. एक मोठा पाणी न शिरणारा टॉर्च, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. हत्यारांची चामड्याची पिशवी, पान्यांनी भरलेली. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे. हेड म्हणाले, "हां, आता कसं!" भाटव्यांनी यातलं काही मागितलं नव्हतं. पण स्वतःसाठी मागतोय म्हणण्यापेक्षा ते म्हणणं सोपं होतं.

दाखवायच्या सकाळी धक्क्यावर मी ते सामान भाटव्यांपुढे ठेवलं. त्यांनी आधी सामानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय गा? कोणाचं लगन हाय?"

"भाटवे, घालून घ्या न. साहेब येऊन राहिले."

"साहेबाले पाण्यात यायचं हाय काय?"

"तसं नाई. बरं दिसते."

"खाली कोणाले दिसते बे? मासोळ्याईले?"

त्यांनी पिशवी पायानं सारली. मी ती पुन्हा उचलली. मला त्या क्षणी त्यांचा अस्सा राग आला होता, की आता सांगताना लाज वाटते. इतका पंधरवडा यांचे घुंगरू ऐकले, यांची मुंबई ऐकली, आणि माझं एक ऐकवत नाही? मी म्हणालो, "तुमच्या कामासाठी मी शब्द टाकला. माही नोकरी कच्ची हाय. ताईचा इचार करा." ताईचं नाव घेतलं तशी त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. म्हणाले, "बरं. पण एक कर. घरी जाऊन येऊ. एकडाव मागाखालून जाऊन पाहू दे. मंग घालतो."

घर सायकलनं फार लांब नव्हतं. साहेबांना थोडं थांबा म्हणता आलं असतं. तेवढ्यात लांबून जीपचा आवाज आला. मी म्हणालो, "आता कुठी माग न् बिग! झालं तुमचं खेळणं. घाला!"

त्यांनी घातलं.

साहेबांनी नारळ फोडला, भाटव्यांच्या गळ्यात हार घातला. फोटोवाल्यानं फोटो काढला. तो फोटो आमच्या घरी आहे. छातीवर टॉर्च, खांद्यावरून कमरेपर्यंत पिशवी, हातात ते मोजे. भाटवे कॅमेऱ्याकडे न बघता धक्क्याच्या खांबांकडे बघतायत. पंगतीत विनोद सांगणारे हाच फोटो दाखवतात. हार मात्र त्यांनी उतरण्याआधी काढून माझ्या हातात दिला. तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

दोरी माझ्या हातात होती. दोन हिसके म्हणजे ढील दे, सलग हिसके म्हणजे ओढ. त्यांनी दोन हिसके दिले, मी ढील दिली. दोरीत मी चुकलो नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण लोक तेही विचारतात. बुडबुडे खांबांच्या रांगेतून पुढे सरकत गेले आणि जाळीच्या जागी थांबले. हळूहळू शेवाळाचे पुंजके वर यायला लागले. साहेब म्हणाले, "वा!" हेडनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं मला इतकं बरं वाटलं, की पुढे कित्येक वर्षं पाठीवर कुणी हात ठेवला तरी शिसारी यायची.

मग शेवाळ यायचं थांबलं. बुडबुडे एकाच जागी जोरजोरात फुटायला लागले. दोरीला सलग हिसके बसले. मी ओढली. ती येईना. दोघांनी ओढली. येईना. मी सोडून दिली आणि परत ओढली, आणि तेवढ्यात बुडबुडे बंद झाले.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. भाटवे खांबांच्या मधून एकदम वर आले. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही, मास्क नाही. नाकातून रक्त. त्यांना धक्क्यावर ओढून घेतलं तेव्हा डाव्या हाताचा मोजा गेलेला होता आणि त्याबरोबर दोन बोटांची सालटंही. टॉर्चची दोरी लोखंडाच्या आडव्या दांडीला गुंडाळली होती. ती सोडवायला ते वळले, तर पिशवी दोन दांड्यांमध्ये बसली. सुरा छातीवर होता, पण जाड मोज्यातल्या बोटांना तो सापडेना. त्यांनी हात पिशवीच्या पट्ट्यात अडकवून मोजा खेचून काढला. मग एका झटक्यात वजनं सोडली, सिलिंडरचे पट्टे सोडले, टॉर्चची दोरी आणि पिशवीचा पट्टा कापला आणि होता त्या श्वासावर वर आले. मागाखाली पास झालेलं सगळं एका हातानं सुटलं, म्हणून ते जगले. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही असंच, बाजारातली गोष्ट सांगावी तसं.

धक्क्यावर साहेब संतापले होते. घाबरल्याचा संताप. "एवढं सगळं अंगावर घेऊन कोण उतरतं? कुणी सांगितलं हे?"

हेड माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, पाणबुड्यानंच मागितलं होतं. यानं फक्त नेऊन देलं. काय बे, खरं न?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भाटवेही. ते ओल्या दगडावर बसून बोटांना फडकं गुंडाळत होते. मी नुसती मान हलवली. होकाराची.

साहेबांनी भाटव्यांना विचारलं, "तुम्ही मागितलं होतं?"

भाटव्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. रागाची असती तर मी केव्हाच निभावून नेली असती. मग ते म्हणाले, "हो साहेब. माही हौस. मुंबईले असंच असते."

एवढंच. मुंबईबद्दल ते खोटं बोललेले मी ऐकले ते तेवढ्या एका वेळी.

काम गेलं. काही महिन्यांनी माझा कायमचा कागद निघाला. कारखान्यानं बाहेरून दुसरा पाणबुड्या आणला. तो मास्क, सिलिंडर आणि पट्टा एवढ्यावर उतरला आणि हेड मला म्हणाले, "पाह्य, असा असते पाणबुड्या. सुटसुटीत." मी पावती फाडत होतो. मान वर केली नाही.

भाटवे मुंबईला गेले नाहीत, म्हणजे त्यांनी पाणी सोडलं. त्यांची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. आधी गांधीबागेत कापडाच्या गाठी मोजल्या, पुढे कळमन्याला एका संत्र्याच्या आडत्याकडे लागले. पेटीत उरलेला दुसरा मास्क ताई वापरायची. मिरच्या कांडताना ती तो डोळ्यांवर चढवायची, आणि गल्ली त्यावरही हसायची. मागाचे घुंगरू वडील गेल्यावर काढले. माग विकला.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्याच आठवड्यात संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. सुरुवात केली, "भाटवे, त्या दिवशी..." ते म्हणाले, "चहा घे. तुह्या ताईनं आज अद्रक टाकलं." घरातल्या एका लग्नात कुणीतरी फोटो फिरवत दुकानाचा विनोद सांगितला, तेव्हा मी पंगतीतून उठून उभाही राहिलो. सगळे बघायला लागले. मी म्हणालो, "वरण वाढा इकडं." भाटवे माझ्या समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घालून भाताचा घास घेतला आणि जरा हसले. मला राग येतो तो याचाच. हसायचे कशाला? एकदा ओरडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मीही ओरडलो असतो, आणि त्या ओरडण्यात निघून गेलं असतं. पण आपल्या बायकोच्या भावाची नोकरी त्यांनी एकदा सांभाळली होती, आणि सांभाळलेली वस्तू ते परत मागत नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि त्यांना रामदासपेठेत दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी भेटायला गेलो. हाताला सलाईन, नाकात नळी, छातीला वायरी, बोटाला काहीतरी चिमटा. मी खुर्चीवर बसलो. या वेळी बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "साळेबुवा, पाह्य बरं किती सामान लटकवलं मले. मागाखालून गेलो तं सारे घुंगरू वाजतीन." मग दम घेऊन म्हणाले, "तुवंच सांगतलं काय या डाक्टरले?"

ताई हसली. तिला वाटलं, जुना विनोद आहे. त्यांनी दार उघडून दिलं होतं, मी आत पाऊल टाकायचं फक्त बाकी होतं. मी म्हणालो, "काहीतरीच काय भाटवे," आणि सलाईनची बाटली कधी बदलायची ते नर्सला विचारायला बाहेर गेलो. नर्स टेबलावरच होती. मी तिला काही विचारलं नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून वाक्य जुळवत राहिलो. जुळलं तेव्हा आत गेलो. त्यांचा डोळा लागला होता. ताई म्हणाली, "उठवू नको गा, आत्ताच झोपले." मी उठवलं नाही. त्यानंतर मी गेलो तेव्हा खाट रिकामी होती.

ते वाक्य असं होतं: भाटवे, ते सामान मी मागतलं होतं, तुमी नाई. तुमी एकडाव मागाखालून जाऊ दे म्हणत होते, मी जाऊ देलं नाई, आन् तुमी साहेबापुढं माह्यासाठी खोटं बोलले. मले माफ करा.